सुगंधाच्या बाटलीवरील ‘अंबर’ या शब्दाविषयी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अत्तरांवर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात ‘अंबर’ हा सुगंध व्हेल माशाच्या उलटीपासून मिळतो असे एका परिच्छेदात, तर तो लाखो वर्षे जमिनीत गाडलेल्या राळेतून काढतात असे पुढच्याच परिच्छेदात म्हटले आहे. आज दुकानात ‘अंबर’ या नावाने जे मिळते, त्याला या दोहोंपैकी एकही विधान बहुधा लागू पडत नाही. रसायनशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली आणि सुगंधी द्रव्ये हा त्यातला माझ्या विशेष जिव्हाळ्याचा भाग, म्हणून हे थोडे सविस्तर लिहीत आहे.

सुगंध तयार करणाऱ्यांच्या भाषेत अंबर हे एका मिश्रणाचे, आणि त्यावरून पडलेल्या एका गंधप्रकाराचे नाव आहे. उबदार, गोडसर, किंचित चामड्यासारखा आणि अंगावर बराच वेळ रेंगाळणारा असा हा गंध मुख्यतः तीन द्रव्यांतून उभा राहतो. पहिले लॅबडॅनम. भूमध्य समुद्राभोवतीच्या उन्हाळी, खडकाळ माळांवर सिस्टस नावाचे झुडूप वाढते. त्याच्या पानांना आणि कोवळ्या फांद्यांना उन्हात चिकट राळ सुटते. त्या झुडपांत चरून आलेल्या बोकडांच्या दाढीला चिकटलेली राळ विंचरून काढली जाई, असे प्राचीन ग्रीकांनी लिहून ठेवले आहे. स्पेनमध्ये आता फांद्या सोड्याच्या पाण्यात उकळून, मग आम्ल घालून ती वेगळी करतात. दुसरे द्रव्य लोबान, म्हणजेच आपला ऊद. ज्यांच्या घरी तिन्हीसांजेला निखाऱ्यावर ऊद घालण्याची रीत आहे, त्यांना अंबरचा अर्धा गंध आधीपासूनच ओळखीचा आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते एवढेच. (अत्तराच्या दुकानात मात्र ‘ऊद’ म्हटले की अगरू पुढे येतो, कारण अरबीत त्या शब्दाचा अर्थ तो आहे. नावे अशी घरे बदलत असतात, आणि अंबरची कथाही त्याच जातीची आहे.) तिसरे द्रव्य व्हॅनिला. व्हॅनिलाच्या शेंगा फार महाग. पण 1874 मध्ये जर्मनीत टीमान आणि हारमान या रसायनशास्त्रज्ञांनी पाइन वृक्षाच्या रसातील एका घटकापासून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाला तिचा गंध देणारे द्रव्य, तयार करून दाखवले आणि ती गोडी सुगंधकारांना स्वस्तात उपलब्ध झाली. आज आपण ज्याला अंबर म्हणतो तो गंध त्यानंतरच्या काळात घडला. झाक गेरलेन यांचे 1925 चे ‘शालिमार’ हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. व्हॅनिलिनमुळे असे द्रव कालांतराने तपकिरी-पिवळे पडतात, आणि बाटलीतला तो मधासारखा रंग पाहून हा जीवाश्म राळेच्या पिवळ्या खड्याचाच अर्क असावा अशी पुष्कळांची समजूत होते.

मग व्हेलचा संबंध आला कोठून? तो नावातून आला. मूळ अरबी शब्द ‘अंबर’ हा स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणाऱ्या, समुद्रावर तरंगत किनाऱ्याला लागणाऱ्या मेणचट द्रव्याचाच वाचक होता. कापूर, कस्तुरी, अंबर अशा मौल्यवान वस्तूंची नावे गुलामांना देण्याची चाल त्या काळी होती. देवगिरीवर चालून आलेला मलिक काफूर आणि निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर यांची नावे त्याच चालीतली. म्हणजे 1610 मध्ये खडकी, आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवणाऱ्या पुरुषाच्या नावाचा अर्थ आपले आकाशवाचक किंवा वस्त्रवाचक ‘अंबर’ नव्हे, तर हे समुद्री सुगंधी द्रव्य होय. ते येते कोठून याचा पत्ता मात्र तेव्हा कोणालाच नव्हता. अबुल फजलने ‘आइन-इ-अकबरी’त सुगंधी द्रव्यांच्या प्रकरणात त्याच्या उगमाची अनेक मते नोंदवली आहेत: समुद्राचा फेस, समुद्री जनावराची विष्ठा, समुद्रातला डिंक, आणि स्वतः त्याने ते मेण असल्याचे मत स्वीकारले. आपल्या रसशास्त्रात ‘अग्निजार’ म्हणून ज्याचे वर्णन येते, समुद्राने बाहेर टाकलेली आणि उन्हात वाळलेली, अग्निनक्र नावाच्या समुद्री प्राण्याची वार असे, तेही हेच द्रव्य असावे असे अनेक अभ्यासक मानतात.

युरोपात हा शब्द पोहोचल्यावर घोटाळा झाला. बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर वाहून येणाऱ्या पिवळ्या जीवाश्म राळेलाही तेच नाव चिकटले, आणि फरक दाखवण्यासाठी फ्रेंचांना राखाडी अंबर व पिवळा अंबर असे दोन शब्द करावे लागले. पिवळ्या अंबराला आपल्याकडे तृणमणी हे फार सुंदर नाव आहे, कारण लोकरीवर घासला की तो गवताची काडी ओढून घेतो. फारसीतला ‘कहरुबा’ही त्याच अर्थाचा. बाल्टिकचा तृणमणी सुमारे चार कोटी वर्षांचा आहे, आणि गुजरातमध्ये सुरत जिल्ह्यातील लिग्नाइटच्या खाणीतही तो सापडतो. पण त्याला जवळजवळ वास नाही. तापवला तर राळेचा मंद वास येतो, आणि कोरड्या ऊर्ध्वपातनाने निघणारे तेल धुरकट, डांबरासारखे असते. अंबरच्या गोडव्याशी त्याचे नाते नाही.

आजच्या बाटल्यांवर या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, तोही सांगायला हवा. व्हेलच्या द्रव्यात अँब्रेन नावाचे संयुग असते. त्याला स्वतःला गंध नाही. ऊन, हवा आणि खारे पाणी यांनी ते विघटित होते, तेव्हा सुगंधी रेणू तयार होतात. त्यांतील सर्वांत महत्त्वाचा रेणू 1950 च्या सुमारास तुळशीच्या कुळातील क्लॅरी सेज या वनस्पतीपासून बनवता येऊ लागला. अँब्रॉक्सन या नावाने तो आज असंख्य परफ्यूममध्ये असतो, आणि त्याचा कोरडा, लाकडासारखा, किंचित खारट गंधही ‘अंबर’ म्हणूनच विकला जातो. एका बाटलीतला अंबर खिरीसारखा गोड आणि दुसऱ्या बाटलीतला उन्हात तापलेल्या लाकडासारखा कोरडा का, याचे उत्तर येथे आहे. त्यात 2021 मध्ये सुगंधांच्या एका प्रतिष्ठित वर्गीकरणाने ‘ओरिएंटल’ (पौर्वात्य) हे या गंधप्रकाराचे जुने कुलनाम टाकून त्या जागी ‘अंबर’ घेतले. जुने नाव टाकले हे मला योग्यच वाटते; मात्र त्यामुळे या एका शब्दावरचा भार आणखी वाढला.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. माझ्या भाच्याला मुंबईतील एका दुकानात लहानशी कुपी ‘असली अंबर, व्हेलचा’ असे सांगून हजारो रुपयांना देण्यात आली. मी वास घेतला तो ऊद आणि व्हॅनिला यांचा. मिश्रण चांगले होते, पण किंमत आणि दावा दोन्ही खोटे होते. शिवाय दावा खरा असता, तर तो गुन्हा ठरला असता. स्पर्म व्हेल हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार संरक्षित प्राणी असून त्याच्या शरीरातून आलेले हे द्रव्य बाळगणे वा विकणे भारतात बेकायदा आहे. कोकणातून आणि मुंबई-ठाण्यातून अशा अटकेच्या बातम्या आपणच छापता.

त्या बातम्यांत ‘व्हेल माशाची उलटी’ हे शब्द येतात. व्हेल हा मासा नव्हे, सस्तन प्राणी आहे. माकुळाच्या न पचणाऱ्या टणक चोचींभोवती हे द्रव्य त्याच्या आतड्यात साठते, आणि अभ्यासकांच्या मते ते विष्ठेवाटे किंवा प्राण्याच्या मृत्यूनंतर बाहेर पडते. उलटीचा येथे संबंध दिसत नाही. तेव्हा माझी विनंती अशी की, आपल्या दैनिकाने व्हेलच्या द्रव्याला ‘अंबरग्रीस’ आणि खड्याला ‘तृणमणी’ म्हणावे, ‘अंबर’ हा शब्द सुगंधाच्या मिश्रणापुरता ठेवावा, आणि पुरवणीतील त्या दोन विधानांची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर छापावी.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा