हाताखाली व्हीएमसी, पगारपत्रकावर हेल्पर

मा. कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य
स. न. वि. वि.

नाशिकला नवी गुंतवणूक येणार, हे आम्ही दर दौऱ्यात ऐकतो. येऊ द्या की! नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यातही हाताने चालवायचे जुने लेथ गेले, सीएनसी-व्हीएमसी (धातू कापणारी, संगणकावर चालणारी मशिनं) आल्या. उत्पादन वाढलं, रिजेक्शन घटलं. पगाराचं तेवढं विचारू नका.

माझ्या शेजारच्या मशीनवर पेठ तालुक्यातला आयटीआय झालेला मुलगा आहे. कापणारं टूल झिजलं की जॉबचं, म्हणजे घडवत असलेल्या भागाचं, माप सरकतं. तो मायक्रोमीटर लावतो, किती मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक पडला ते बघतो आणि पॅनलवर ऑफसेट, म्हणजे तो फरक भरून काढणारा आकडा, टाकतो. आकडा चुकला तर बॅच स्क्रॅप. पगारपत्रकावर त्याचा हुद्दा? हेल्पर. मी पर्मनंट, मला युनियनच्या करारातली वाढ मिळते. तो ठेकेदाराचा, त्याला किमान वेतन. काम तेच, पाळी तीच, कॅन्टीनही तेच (कुपनाचा रंग तेवढा वेगळा).

माणसं शेतीतून कारखान्यात येऊ लागली की विषमता आधी वाढते आणि पुढे ओसरते, असं सायमन कुझनेट्स यांनी 1955 मध्ये मांडलं. पण ओसरायला खालच्याला वर चढता आलं पाहिजे ना? 2000 च्या सुमारास देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत पाचातला एक कामगार कंत्राटी होता. केंद्र सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीत आता हे प्रमाण 40 टक्क्यांच्या पुढे गेलंय. मशीनला शिव्या देऊन काय उपयोग? तिच्यामुळे पोरगं हुशार झालं, त्या हुशारीचे पैसे मधेच अडले.

नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली कामगारांच्या सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीबाबतची संहिता मुख्य उत्पादनात कंत्राटी कामगार नकोत म्हणते. पण पळवाटा भरपूर, आणि 50 पेक्षा कमी कंत्राटी माणसं असली की ते कलमच गैरलागू. मग काय, एकाचे दोन ठेकेदार होतात.

म्हणून मागणं असं. उद्योगांना प्रोत्साहन योजनेत अनुदान देताना 80 टक्के स्थानिकांची अट घालता, तशीच समान कामाला समान वेतनाचीही घाला. सीएनसी चालवणाऱ्याची नोंद कुशल म्हणूनच व्हावी, आणि किमान वेतनात कुशल-अकुशलमधलं तुटपुंजं अंतर वाढवावं. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी केबिनमध्ये चहा घेत रजिस्टर न चाळता मशीनपाशी यावं, कोण काय चालवतो ते बघावं आणि मग हुद्दा वाचावा. रात्रपाळीला आले तर फारच उत्तम.

आपला,
अंबडमधील एक ऑपरेटर