लोहचुंबक चिकटला म्हणून सुरी खोटी नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नक्षी नसलेले, मंद झाक असलेले स्कॅन्डिनेव्हियन घडणीचे काटे-चमचे आता आपल्याकडेही घेतले जातात. डॅनिश वास्तुरचनाकार आर्ने याकोबसेन यांनी १९५७ मध्ये कोपनहेगनच्या एसएएस रॉयल हॉटेलसाठी आखलेला संच हा त्यातला गाजलेला नमुना. पण सोलापुरात स्टील पारखायचं म्हणजे लोहचुंबक लावायचा, चिकटला की माल खोटा; आणि या मालाबाबत ती पारख फसवी आहे.

चमचा-काटा साधारण १८/१० स्टीलचा असतो: १८ टक्के क्रोमियम, १० टक्के निकेल. त्याला चुंबक धरत नाही. फार तर काट्याच्या दातांशी किंवा चमच्याच्या मानेशी, जिथे थंड पत्रा दाबून वाकवलेला असतो, तिथे किंचित ओढ जाणवते. सुरीचं पातं मात्र मुद्दाम निकेल न घालता, सुमारे १३ टक्के क्रोमियमचं करतात. निकेलवालं स्टील तापवून-विझवून कडक होत नाही, त्यामुळे त्याला धार टिकत नाही. म्हणून पात्याला चुंबक चिकटणारच. उलट, निकेल वाचवून मँगनीज घातलेल्या स्वस्त २०२ स्टीललाही चुंबक धरत नाही. ते पास होतं आणि लोणच्याच्या बरणीत राहिलं की त्याला लवकर बारीक खड्डे पडतात! (तसा बरणीत मुक्काम १८/१० नेही करू नये; मीठ आणि आंबट एकत्र आले की कोणतंही स्टील हरतं.) तेव्हा दुकानदाराकडून ग्रेड बिलावर लिहून घ्यावी. चमचा हातात घेऊन मान दाबून पाहावी. अंगठ्याने वाकली तर पत्रा पातळ आहे.

पाणी दिवसाआड येतं तिथे खरकटी भांडी रात्रभर भिजत पडतात. काटे-चमचे एकवेळ निभावतात, पण सुरीवर सकाळी तांबूस ठिपके दिसतात. तिला आधी धुवावं आणि लगेच पुसावं. आपला सोलापुरी टॉवेल त्याला उत्तम. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग एक भाग व्हिनेगर, तीन भाग कोमट पाणी यात पाच मिनिटांत सुटतात. तारेची घासणी नको: लोखंडाचे कण रुतून तेच गंजतात, आणि लोक दोष चमच्याला देतात. मंद झाकेवर मऊ स्पंज तिच्या बारीक रेषांच्या दिशेनेच फिरवावा. आडवा फिरवला तर पडलेला ओरखडा नंतर निघत नाही.

— एक वाचक, सोलापूर