रविवारच्या त्या पेल्याबद्दल

आई, बाबा,

फोनवर बोलता येत नाही मला, तुमचा आवाज ऐकला की आधी रडूच येतंय, म्हणून लिहितेय. घर वीस मिनिटांवर असताना पत्र लिहायची वेळ आली याचं वाईट वाटतंय. पण बाबा, रविवारी तुम्ही भरल्या ताटावरनं उठून रंकाळ्याला निघून गेला आणि मी तुम्हाला थांबवलं नाही, हे चार दिवस झाले डोळ्यासमोरनं हलत नाहीय. भर पावसात गंगावेशीतनं, म्हशी पिळतात त्या कट्ट्यावरचं दूध किटलीत घेऊन आला होता तुम्ही, नातवासाठी, सोन्यासाठी. आणि मी वहिनीसमोर, सगळ्यांसमोर पेला बाजूला सरकवला. तुम्हाला आधी एकट्याला गाठून सांगायला पाहिजे होतं. चुकलं माझं.

पण सरकवला तो रागानं नाही बाबा. आम्ही ठरवलंय. पोरांचं मटण-अंडी बंद, आणि दूधदुभतं पण हळूहळू बंद करत आणायचं, दिवाळीपर्यंत पूर्ण.

चिमूचं तर तुम्हाला माहितीच आहे. आषाढात त्र्यंबोलीच्या जत्रेच्या वेळी गल्लीत बकरं बांधलं होतं, दोन दिवस ती त्याला पाला घालत होती, आणि तिसऱ्या दिवशी ताट पुढं ढकलून गप्प बसली. मी ओरडणार होते तर आई, तूच मला गप्प केलंस आणि तिला आमटी-भात कालवून दिलास. तेव्हापासनं तिनं मटण तोंडाला लावलेलं नाही आणि मीही जबरदस्ती केली नाही, मग एकाच घरात तिला वेगळं ताट कशाला म्हणून आम्ही पण सोडलं.

दुधाचं वेगळं आहे. सोन्याचं रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ८.७ आलं. गुटगुटीत पोर आपलं, मला वाटलं रिपोर्ट बदलला असेल. डॉक्टरांनी पहिला प्रश्न काय विचारला, तर दूध किती पितो. मी अभिमानानं सांगितलं, पाऊण लिटर. तेच कारण निघालं. दुधात लोह नसल्यासारखंच असतं, दुधानं पोट भरलं की पोर भाकरी-भाजीला बघत नाही, आणि जे चार घास खाईल त्यातलं लोहही दूध नीट अंगी लागू देत नाही. तुमच्यापासनं काही लपवत नाही, डॉक्टर म्हणाले कमी करा, बंद करा असं म्हणाले नाहीत. बंद करायचं आमचं दोघांचं. त्यांना विचारून, आहार लिहून घेऊन, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं ठरवून.

बाबा, आता जे लिहिते त्यावर रागावू नका. चंद्रीचं रेडकू गेलं तेव्हा मी चिमूएवढीच होते. अण्णांनी त्याच्या कातड्यात पेंढा भरून दावणीला उभं केलं, ती म्हस त्याला चाटायची आणि पान्हा सोडायची. तुम्ही चार दिवस चहा कोरा पिला. कुणी विचारलं तर पित्त झालंय म्हणायचा. मी गोठ्याच्या दारात उभी होते त्या दिवशी, तुमचं तोंड बघितलंय मी. परवा चिमूनं विचारलं, म्हशीचं बाळ मग काय पितं, आणि मला दुसरं काही आठवलंच नाही, तुम्हीच आठवला. हे खूळ हिच्या डोक्यात कुठनं आलं असं आई विचारत होती ना.

ताकदीची काळजी करू नका. तालमीतल्या माणसाला दुधाशिवाय अंग भरतं हे पटणार नाही, मला कळतं ते. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गाईच्या दुधात तेवढ्यालाच साधारण १२०. आता पोरगं काय १०० ग्रॅम नाचणी खात नाही हे मलाही समजतं, म्हणून नुसत्या नाचणीवर सोडलेलं नाही. न सोललेले तीळ भाजून कुटून भाकरीत, शेवग्याचा पाला आमटीत, आणि कॅल्शियम घातलेलं सोयाचं दूध रोज. बदामाचं किंवा नारळाचं दूध दिसायला दूध असतं पण त्यात प्रोटीन फारच कमी, ते त्याच्या जागी चालत नाही. आणि बी-१२ जीवनसत्त्व कुठल्याच भाजीत, डाळीत मिळत नाही, त्याचे थेंब डॉक्टरांनी लिहून दिलेत, ते मरेपर्यंत चुकवणार नाही मी. सोन्याचा दहीभात अजून एक वेळ चालू आहे, तो सगळ्यात शेवटी सोडवायचा, एकदम तोडलं तर पोर हिरमुसतं.

आई, तू म्हणालीस मग माझ्याकडं आल्यावर खायला काय घालू. अगं, तुझ्या हातचं निम्म्याहून जास्त तसंच आहे! अख्खा मसूर, हुलग्याचं माडगं, मटकी, झुणका, खर्डा, वरणफळं, शेंगदाण्याची आमटी, तुझी चटणी. लहानपणी ताप आला की तू मऊ भात मुगाच्या आमटीत कालवून, वर लिंबू पिळून भरवायचीस, एक घास चिऊचा म्हणत, सोन्याला तेच द्यायचंय, दुसरं काही नाही. लिंबू तर हवंच, त्यानं डाळीतलं लोह अंगी लागतं. पांढरा रस्सा पण जात नाही आपला, खसखस, तीळ, काजू, नारळाचं दूध सगळं तेच, मटणाच्या अळणी पाण्याऐवजी मी फ्लॉवर-गाजर-आलं उकळून त्याचं पाणी घातलं, चिमूनं तीन वाट्या पिल्या. तुझ्यासारखा झाला नाही, तू करशील तेव्हा होईल. पुरणपोळीवर गुळवणी, तूप नाही एवढंच.

तुमच्या घरातलं काही बदलायचं नाहीय. तुमचा चहा दुधाचाच राहू दे, बाबांनी कट्ट्यावर जायचं, धारेचं दूध उभ्यानं प्यायचं, आषाढातला रस्सा करायचा. मी नाक मुरडणार नाही, पोरांना पण तसं शिकवणार नाही.

फक्त एवढं ऐका. सोन्याला अख्खे शेंगदाणे, फुटाणे हातात द्यायचे नाहीत, ठसका लागून घशात अडकतात, कूट करूनच. जेवताना आणि जेवल्यावर तासभर चहा नाही, बशीतला एक घोटसुद्धा नाही, चहानं लोह अडतं. माळ्यावरची लोखंडी कढई काढ आई, भाज्या त्यातच कर. सोया दुधाचा डबा हलवून मगच ओत, कॅल्शियम तळाला बसतं. आणि तुझी थायरॉइडची गोळी तू चहाबरोबर घेतेस ते मी बघितलंय! उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या-पाऊण तासानं, कॅल्शियमची गोळी चार तासांनंतर, सोया दूध पण त्या गोळीच्या आसपास नको. बाबा, शुगरचा रिपोर्ट या आठवड्यात करायचा म्हणजे करायचा, आणि पावसाचं अंधारात रंकाळ्यावर जायचं नाही, फरशी शेवाळलीय. उजाडल्यावर जावा.

बाबा, तुम्ही बोलला नाहीत तरी चालेल, पण जेवून उठा. तुम्ही उपाशी गेला की मला घास उतरत नाही, लहानपणापासनं उतरत नाही.

रविवारी अकरापर्यंत येतो आम्ही. नाचणीचं पीठ मी आणते, दळून आणू नका. संध्याकाळी तुम्ही कट्ट्यावर जाल तेव्हा सोन्याला खांद्यावर घेऊन जा, त्याला म्हशी बघायच्या असतात, परवापासनं आजोबा कधी नेणार म्हणून मागं लागलाय. तुमचा पेला तुम्ही प्या, त्याच्यासाठी मी छोट्या बाटलीत त्याचं देते, दोघं तिथंच उभ्यानं प्या.

तुमची,
ताई