ताण हाताळायचा कोणी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कारखान्यातील कामगारांच्या मानसिक थकव्याची चर्चा होते तेव्हा ती बहुधा कामाच्या तासांपाशीच थांबते. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे, त्यांतील शेवटची बारा सुपरवायझर म्हणून काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, माणूस खचतो की तग धरतो, हे तासांइतकेच त्याच्या पाळीच्या सुपरवायझरवर ठरते.

मी जिथे होतो तिथे लाइन एकच, टार्गेटही तेच. पण दोन पाळ्यांचे सुपरवायझर वेगळ्या वृत्तीचे होते. रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नाकारला जाणारा माल, वाढले की एक जण कामगाराला सर्वांदेखत फैलावर घेई. त्याच्या पाळीत खाडे ठरलेले असत आणि मशिनचा आवाज बदलला तरी कोणी तोंड उघडत नसे. दुसरा पाळी सुरू होताना लाइनवरून फिरून विचारपूस करी आणि रिलिव्हर (बदली कामगार) आला नाही तर स्वतः हातमोजे चढवून उभा राही. त्याच्याकडचे लोकही दमत, पण कामाला विटत नसत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून-विटून जाण्याची, व्याख्या करताना त्याला आजार म्हटलेले नाही; कामाच्या ठिकाणचा, नीट हाताळला न गेलेला दीर्घकालीन ताण हे त्याचे मूळ सांगितले आहे. हा ताण हाताळायचा कोणी? पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमण्याची तरतूद १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४९ मध्ये होती, पण आमच्याकडे तो अधिकारी कॅन्टीन आणि बसच्या तक्रारींतच गुंतलेला असे. कंत्राटी कामगाराची अवस्था तर याहून बिकट. कंपनी त्याला ठेकेदाराकडे पाठवते, ठेकेदार कंपनीकडे बोट दाखवतो आणि रात्रपाळीत घरून आजारपणाचा फोन आला तरी सुट्टी कोणाकडे मागावी, हेच त्याला कळत नाही.

यात सगळा दोष सुपरवायझरचा नाही. मला ते पद मिळाले तेव्हा उत्पादनाचा तक्ता हाती दिला गेला. समोरच्या माणसांशी कसे वागावे, याचे प्रशिक्षण एक दिवसही मिळाले नाही, आणि लाइन थांबवण्याचा अधिकारही नव्हता. चाकण, तळेगाव, रांजणगावच्या कंपन्यांनी प्रत्येक पाळीत एक जादा रिलिव्हर ठेवावा आणि अडचणीतल्या कामगाराला, तो कायम असो वा कंत्राटी, पगार न कापता दोन तास सोडण्याचा अधिकार थेट सुपरवायझरला द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त सुपरवायझर,
भोसरी, पुणे