जोर कमी, नेम पक्का

संपादक साहेब, स.न.वि.वि.

आमच्या रत्नागिरीत पोरं एअर रायफल घेतात नि पहिलं विचारतात जोर किती, अरे पण १० मीटरवर कागदच फाडायचाय ना, त्याला साडेसात ज्यूल ऊर्जा पुरते, म्हणजे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. बघायचं ते दहाही शॉट सारख्या वेगाने जातात का. मी माझ्या स्प्रिंगवाल्या रायफलीत स्प्रिंग नरम बसवली, हवा दाबणाऱ्या पिस्टनचं सील बदललं नि जादा तेल पुसलं, कारण ते तेल आत पेटतं आणि एखादा छर्रा मधेच जोरात सुटतो. खाऱ्या हवेत गंज नको म्हणून लोक तेल ओततात, तिथंच चुकतं. निशाण्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे हो! प्रत्येक क्लबने वेग मोजायला क्रोनोग्राफ ठेवावाच. आणि पोरांनो, स्प्रिंग आत दाबलेली असते, स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरशिवाय रायफल खोलू नका.

— एक वाचक, रत्नागिरी