पेशी कमी, म्हणून गुठळीची भीती नाही?

संपादक महोदय,

आपल्या आरोग्य पानावर करोनाबद्दल लिहिताना मधुमेह, रक्तदाब, दमा यांचा उल्लेख हटकून येतो. माझ्या आजाराचे नाव मात्र त्यात एकदाही वाचले नाही. मला नऊ वर्षांपासून आयटीपी (इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया) आहे. यात प्रतिकारशक्ती आपल्याच प्लेटलेटना, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशींना, परके समजते आणि त्यांचा बहुतेक फडशा पाणथरीत (प्लीहेत) पडतो. (लोक त्यांना 'पांढऱ्या पेशी' म्हणतात, त्या वेगळ्या.) निरोगी माणसात प्लेटलेट रक्ताच्या दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख असतात. माझ्या चाळीस हजार आल्या तरी डॉक्टर 'छान' म्हणतात.

करोना झाला आणि चौथ्या दिवशी पायांवर लाल ठिपके उठले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले. आकडा नऊ हजार. घरच्यांचा एकच धोशा, प्लेटलेटची पिशवी चढवा! पण बाहेरून दिलेल्या प्लेटलेटचीही शरीर तीच गत करते. जीवावरचा रक्तस्राव असेल तरच ती पिशवी देतात. मला स्टेरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिनने (शिरेतून दिलेल्या प्रतिपिंडांनी) सावरले.

पत्र लिहायचे कारण वेगळेच. 'तुमचे रक्त पातळ, तुम्हाला कसली गुठळी?' असे मला चांगल्या शिकलेल्या माणसांनीही ऐकवले. करोनात रक्त गोठण्याकडे कल वाढतो आणि कमी प्लेटलेट हे त्यावरचे कवच नव्हे. शिवाय एल्ट्रोम्बोपॅग, रोमिप्लोस्टिम यांसारख्या प्लेटलेट वाढवणाऱ्या औषधांनी गुठळीचा धोका थोडा वाढतोच. म्हणून दाखल रुग्णाचा आकडा पुरेसा असेल, तर आयटीपी असूनही गुठळी रोखणारे हेपॅरिन देतात. रक्त वाहण्याची आणि साकळण्याची, दोन्ही काळज्या एकाच खाटेवर!

तापाला पॅरासिटामॉल चालते. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. चालू स्टेरॉइड मनाने एकदम बंद करू नये. पाणथरी काढलेल्याने तर ताप आला की करोनाच असेल म्हणून घरी न थांबता लगेच डॉक्टर गाठावा.

2021 मध्ये काही लसींनंतर गुठळ्या होऊन प्लेटलेट घटल्याच्या बातम्या आल्या आणि आमच्यातल्या अनेकांनी लसच टाळली. तो विकार वेगळा, त्यातली प्रतिपिंडेही वेगळी. लसीनंतर आमच्यापैकी काहींचा आकडा घसरतो हे खरे. त्यासाठी आधी आणि नंतर रक्त तपासावे. रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेतलेल्यांत मात्र लसीचा प्रतिसाद काही महिने फिका पडतो, म्हणून तारीख डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

एखाद्या रक्तविकारतज्ज्ञाकडून यावर लेख लिहून घ्यावा, ही विनंती. जागेची अडचण असेल तर मधुमेहाचा परिच्छेद कापा. तो आम्हाला पाठ आहे.

– एक आयटीपी रुग्ण