आठवड्याला २० रुपये, दहा जणांचा गट : कॅथलिक विद्यार्थी समूहाचं आवाहन

प्रभू येशूमध्ये प्रिय बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

नागपुरात शिकायला आलेल्या कॅथलिक मुलामुलींचा आमचा समूह आहे. आजवर आमचं काम धर्मग्रामातल्या, म्हणजे आपल्या पॅरिशमधल्या, मोजक्या घरांच्या आधारावर आणि मुलांच्या स्वतःच्या खिशातून चाललं. आता मुलं वाढली, कामही वाढलं, आणि त्याच त्या घरांपुढे पुन्हा पुन्हा हात पसरणं बरं वाटत नाही. म्हणून हे आवाहन सगळ्यांसाठी करत आहोत. आम्ही मोठी देणगी मागत नाही. दहा जणांनी एकत्र यावं, प्रत्येकानं आठवड्याला २० रुपये बाजूला काढावेत आणि त्यांच्यापैकी एकानं महिन्याची रक्कम आमच्यापर्यंत पोचती करावी, एवढीच विनंती आहे.

ही रीत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. फ्रान्समधल्या लियों शहरात पोलीन जारिको नावाची तरुणी होती. रेशमाच्या कामावर राबणाऱ्या बायकामुलींमध्ये तिची ऊठबस असे. दूरदेशीच्या मिशनकार्यासाठी ती त्यांच्याकडे आठवड्याला एक सू मागायची. सू म्हणजे तिथलं अगदी किरकोळ नाणं. दहा जणांचा एक गट आणि गोळा करणारी त्यांच्यातलीच एक, अशी ती व्यवस्था होती. त्यातूनच १८२२ साली धर्मप्रसारासाठीची संस्था उभी राहिली. शंभर वर्षांनी पोप महाशयांनी ती परमधर्मपीठाच्या अखत्यारीत घेतली, आणि २०२२ च्या मे महिन्यात जारिकोबाईंना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित करण्यात आलं. ऑक्टोबरातल्या मिशन रविवारी आपण चर्चमध्ये जी वर्गणी टाकतो, ती याच संस्थेच्या कामासाठी असते. तिची सुरुवात कष्टकरी बायांच्या नाण्यांपासून झाली, हे आम्ही आमच्या मुलांना आवर्जून सांगतो.

आता आमच्या मुलांबद्दल. अमरावती, यवतमाळ, गोंदिया, बल्लारपूर, गडचिरोली आणि पार छत्तीसगडातल्या जशपूरकडूनही ती येतात. कुणी नर्सिंगला आहे, कुणी पॉलिटेक्निकला, कुणी सेमिनरी हिल्सवरच्या एसएफएस कॉलेजात, तर कुणी बीए करून गिट्टीखदानला खोली घेऊन एमपीएससीची तयारी करतंय. बल्लारपूरकडची काही मुलं केरळातून आलेल्या सिरो-मलबार उपासनेत वाढलेली, बाकीची बहुतेक लॅटिन उपासनेतली. घरी कुणी मराठी बोलतं, कुणी हिंदी, कुणी कुडुख. गावी असताना आई हलवून उठवते, आजीबरोबर जपमाळ होते, फादर नावानिशी ओळखतात. इथे रेल्वेतून बॅग उतरवली की हे सगळं त्या एका दिवसात सुटतं. स्पर्धा परीक्षांचे पेपर बहुतेक रविवारी आणि क्लासची टेस्टही रविवारी सकाळीच. राखेच्या बुधवारी मांस वर्ज्य, आणि मेसमध्ये नेमकं चिकन असतं. सहा महिने मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणं झालं नाही की मग जायलाच संकोच वाटू लागतो. रागावून श्रद्धा सोडलेला विद्यार्थी आम्हाला क्वचितच भेटतो. बहुतेकांच्या हातून ती नकळत निसटलेली असते. मित्राचा एक फोन आला आणि संध्याकाळच्या मिस्सेला बरोबर कुणी असलं, तर ती परतही येते.

याहून अवघड आहे ते एकटेपण. पहिल्याच सेमिस्टरला दोन विषय राहतात, बापानं कर्ज काढून फी भरलेली असते आणि घरी सांगायचं धाडस होत नाही. सदरच्या आपल्या कॅथेड्रलला ज्यांचं नाव आहे, ते संत फ्रान्सिस द सेल्स पॅरिसमध्ये शिकत असताना अशाच अंधारातून गेले होते. तेव्हा ते एकोणीस-वीस वर्षांचे होते. देवानं आपल्याला टाकलंय, आपलं तारण होणारच नाही, या विचारानं त्यांची झोप उडाली, जेवण तुटलं, अंगातली ताकद गेली. कित्येक आठवडे हे चाललं. अखेर एका चर्चमध्ये मारियामातेच्या मूर्तीपुढे प्रार्थना करताना तो भार उतरला. पुढे १५९४ मध्ये हाच तरुण, धर्मगुरू होऊन, शाब्ले नावाच्या डोंगराळ भागात गेला. लोक प्रवचनाला फिरकेनात, तेव्हा हातानं पत्रकं लिहून ती घरोघरच्या दारांखालून सरकवू लागला. त्यांच्या नावानं स्थापन झालेल्या संघाचे मिशनरी १८४५ मध्ये आनेसीहून भारतात आले. १८८७ साली नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्यामागे या माणसांचे कष्ट आहेत. खचलेल्या विद्यार्थ्याला आम्ही ही गोष्ट सांगतो तेव्हा, ज्यांच्या नावाच्या चर्चमध्ये तो बसतो त्या संतालाही हे चुकलं नव्हतं, याचा त्याला खरोखर धीर येतो.

दर बुधवारी संध्याकाळी आम्ही जमतो. शुभवर्तमानातला उतारा वाचतो, थोडा वेळ गप्प बसतो, मग ज्याला बोलायचं तो बोलतो. समुपदेशन शिकलेल्या एक सिस्टर येऊन बसतात. गरज दिसली तर मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतो, आणि नेताना बरोबर कुणीतरी जातंच. प्रार्थना आणि औषध यांत आम्ही भांडण लावत नाही.

पण समूह नुसता आपापसांत जमून टिकत नाही, हे आम्ही अनुभवानं शिकलो. दुसऱ्यासाठी काही करायला बाहेर पडल्यावरच आमच्या मुलांच्या प्रार्थनेत जीव आला. म्हणून सुट्टीच्या दिवशी रक्तदान, वस्तीतल्या मुलांचे गणित-इंग्रजीचे तास, उन्हाळ्यात मेळघाटातल्या पाड्यांवर काही दिवसांचं शिबिर, असं आम्ही करतो. यातलं सगळ्यात मोठं काम मेडिकलमधलं आहे, त्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या ‘मेडिकल’मध्ये, सगळ्या विदर्भातून आणि शेजारच्या राज्यांतूनही पेशंट येतात. आदल्या रात्री एसटीनं निघालेलं म्हातारं जोडपं सकाळी केस पेपरच्या रांगेत उभं असतं. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात गावच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या आणि एक्स-रे, आणि घडी घालून घालून फाटत आलेलं आधार कार्ड. कोणती खिडकी, कोणता मजला, रक्त तपासायला कुठे द्यायचं, हे कळायलाच अर्धा दिवस जातो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार होऊ शकतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ठाऊक असलं तरी रेशन कार्ड गावात राहिलेलं असतं. तास नसतील त्या सकाळी आमची मुलं ओपीडीपाशी उभी राहतात. केस पेपर काढून देतात, योजनेच्या आरोग्यमित्राकडे घेऊन जातात, गावी फोन लावून रेशन कार्डाचा फोटो मागवतात, चहा आणून देतात. गडचिरोलीच्या आतल्या भागातलं कुणी आलं आणि त्याला मराठी नीट समजत नसलं, तर आमच्यातली माडिया जाणणारी मुलगी पुढे होते. तिनं दोन शब्द बोलताच त्या आजीचा चेहरा कसा खुलतो, हे प्रत्यक्ष पाहण्यासारखं आहे. आम्ही डॉक्टर नाही, औषधोपचारात आम्ही पडत नाही. फक्त बरोबर चालतो.

एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी, कारण लोक विचारतात आणि विचारणं रास्त आहे. या कामात आम्ही कुणापुढे धर्माचा विषय काढत नाही, पुस्तकं वाटत नाही आणि मदतीच्या बदल्यात कसलीही अपेक्षा ठेवत नाही. आजारी माणसाच्या अडचणीचा फायदा घेणं हे आमच्या श्रद्धेनुसारही पाप आहे. कुणी आपणहून विचारलं, की बाळा, तू हे का करतोस, तर मुलं खरं उत्तर देतात : येशूनं आजाऱ्याची विचारपूस करायला सांगितलंय. तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर सौम्यपणे आणि आदरानं उत्तर द्या, असं संत पेत्राच्या पहिल्या पत्रात म्हटलंय. मिशनरी बांधिलकीचा अर्थ आम्ही असा घेतो. आमच्याबरोबर येणाऱ्यांत हिंदू, बौद्ध, मुस्लीम मित्रमैत्रिणीही आहेत, आणि त्यांच्या श्रमांचं मोल आम्हाला तेवढंच आहे.

विद्यार्थ्यांनी असं काम उभं केल्याचं उदाहरण नवं नाही. १८३३ मध्ये पॅरिसमधल्या एका वादसभेत सोबतच्या विद्यार्थ्यांनी फ्रेडरिक ओझानमला टोकलं, की तुमच्या चर्चनं पूर्वी खूप केलं असेल, आज गरिबांसाठी तुम्ही काय करता? ओझानम तेव्हा वीस वर्षांचा होता. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यानं आणि त्याच्या मित्रांनी गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली. तीच पुढे संत विन्सेंट द पॉल सोसायटी झाली. तूरिनमध्ये खाणकामाचं इंजिनीअरिंग शिकणारा पिअर जॉर्जो फ्रासाती याच सोसायटीचा सदस्य होता. १९२५ साली पोलिओनं तो गेला, वय अवघं २४. ७ सप्टेंबर २०२५ रोजी त्याला संतपद मिळालं. आमच्या मुलांच्या खोल्यांत त्याचा फोटो दिसतो, गिर्यारोहणाचे बूट घातलेला.

तुमचे पैसे जातील कुठे, तेही सांगतो. पहिला खर्च अभ्यासिकेचा. दोन-तीन जण एका खोलीत राहणाऱ्या मुलांना संध्याकाळी शांत जागा हवी असते. धर्मग्रामानं हॉल दिला आहे, पण वीजबिल, टेबलं आणि संदर्भपुस्तकं यांचा खर्च आमच्याकडे आहे. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि नेमक्या तेव्हाच उन्हाळी परीक्षा असतात. तिथे दोन मोठे कूलर लागतील. चालू स्थितीतला जुना कूलर कुणी दिला तरी चालेल, नवी खस आम्ही बसवून घेऊ. दुसरा खर्च मेसचा. शिष्यवृत्ती उशिरा जमा होते, मेसवाल्याला महिन्याच्या महिन्याला पैसे लागतात, आणि मधल्या काळात मुलं एक वेळ जेवून काढतात. गेल्या वर्षी हे आमच्या उशिरा लक्षात आलं, कारण अशी मुलं बोलत नाहीत. त्यांच्यासाठी बिनव्याजी उचल देणारा निधी ठेवायचा आहे. शिष्यवृत्ती आली की मुलं उचल परत करतात आणि तेच पैसे पुढच्याला मिळतात. मेडिकलला जाण्यायेण्याचं बसभाडं आणि शिबिराचा शिधा हे खर्च त्या मानानं लहान आहेत.

पैशाखेरीज दोन गोष्टी मागायच्या आहेत. धर्मग्रामातल्या डॉक्टर, वकील, प्राध्यापक, बँकवाल्या मंडळींनी महिन्यातून एक संध्याकाळ अभ्यासिकेत द्यावी. मुलाखतीची तयारी, अर्ज भरणं, इंग्रजी बोलणं, जे जमेल ते. आणि ज्यांची घरं इथे आहेत त्यांनी नाताळला एका तरी विद्यार्थ्याला जेवायला बोलवावं. हिवाळी परीक्षा डिसेंबरात लांबल्या, दोन पेपरांच्या मध्ये नाताळ आला, की जशपूर किंवा गडचिरोलीला जाऊन येणं जमत नाही. मध्यरात्रीची मिस्सा संपल्यावर सगळे आपापल्या गाड्यांकडे वळतात आणि ही मुलं रिकाम्या हॉस्टेलवर जातात. तुमच्या ताटातलं साधंच जेवण त्यांना पुरेल. बाळा, अजून एक पोळी घे, असं म्हणणारं कुणी असावं, इतकंच त्यांना हवं असतं. पुनरुत्थान सणालाही (ईस्टरला) हीच विनंती.

हिशोबाबद्दल. रोख रक्कम धर्मग्रामाच्या कार्यालयातच द्यावी आणि छापील पावती घेतल्याशिवाय कुणाच्याही हाती पैसे देऊ नयेत, आमच्या कार्यकर्त्यांच्या हातीसुद्धा नाही. जमाखर्च दर तीन महिन्यांनी चर्चच्या सूचनाफलकावर लागेल. मेसच्या उचलीत मुलांची नावं येणार नाहीत, फक्त रकमा येतील. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांकडून कृपया पैसे मागवू नका. परकीय निधीच्या कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय ते आम्हाला घेता येत नाहीत.

गट सुरू करायचा असेल तर दहा नावं एका कागदावर लिहून, गोळा करणाऱ्याच्या नावाखाली रेघ मारून, रविवारच्या मिस्सेनंतर दाराजवळच्या आमच्या टेबलावर द्या. दहा भरत नसतील तर सहा-सात नावं द्या, उरलेली आम्ही जोडून देऊ. कूलर, टेबल किंवा पुस्तकं द्यायची असतील तर त्याच टेबलावर पत्ता लिहून ठेवा, मुलं येऊन घेऊन जातील. नाताळच्या जेवणासाठी घरांची नावं नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपर्यंत मिळाली, तर कोण कुणाकडे जाईल हे वेळेत ठरवता येईल.

आपली,
विद्यार्थी समूहाची कार्यकारिणी, नागपूर